नकाशा ठेवायची जागा

“वैनी, कपाटात नगा ठिवू. नकाशा जिथं वाट चुकती तिथं पायजे.”

मानसिंगदादा उंबऱ्यातूनच हे म्हणाले, तेव्हा मी स्टीलच्या कपाटाची किल्ली फिरवत होते. जत तालुक्यात आमच्या भोवती विखुरलेल्या सगळ्या वस्त्या त्यांनी कॅलेंडरच्या पाठीवर काढून दिल्या होत्या. मी सांगलीच्या कॉलेजात भूगोल घेऊन बी.ए. झालेली. नकाशा कसा जपायचा हे टँकरच्या ड्रायव्हरनं मला सांगावं?

“मी कुठं एकटी जाणार आहे, दादा?” मी हसून म्हटलं आणि नकाशा साड्यांच्या घडीत सरकवला.

ते साल त्र्याण्णव. टँकरच्या फेऱ्या ठरवण्याच्या कामावर यांची बदली झाली होती. सई दीड वर्षाची होती. ती झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. मानसिंगदादा साताऱ्याच्या डोंगरातले, मेढ्याकडचे, पलटणीतून निवृत्त झालेले. मला चिडवायचे, “पाणी दोनदा उकळता, मग त्ये बिचारं गार कवा व्हायचं?”

चैत्रात दूधवाल्या बयाबाईच्या वस्तीवर तिच्या नातवाचं बारसं होतं. हे सांगलीला गेलेले, म्हणून नवा ड्रायव्हर आप्पासो मला न् सईला जीपनं घेऊन गेला. जेवणं झाली, बायका पाळण्याभोवती जमल्या आणि मागच्या दगडांपाशी खेळणारी सई किंचाळली.

“इच्चू! अक्का, लाल इच्चू हाय!” बयाबाई ओरडली. “मांत्रिक नगं, दवाखान्यात न्या. लिंबापासनं डावीकडं वळा.”

जीप निघाली. सईला दरदरून घाम सुटला होता, हातपाय गार पडत होते. भर दुपारी माळावर माणूस नव्हतं. दहा मिनिटांनी आप्पासोनं गाडी थांबवली.

“वैनी, हितं तर चार लिंबं हाईत.”

“मग कुठलं?”

“आवं, मी सांगलीचा. मला काय ठावं?”

घरातलं ते कपाट माझ्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. किल्ली माझ्या कमरेला होती.

सईच्या ओठांना पाणी लावावं म्हणून मी रस्त्याकडेच्या हौदाशी धावले. टँकर रिकामा करायचा तो सिमेंटचा हौद. त्याच्या पाठीवर लाल ऑइलपेंटच्या रेघा होत्या. येताना मला त्या पोरांच्या रेघोट्या वाटल्या होत्या. आता दादांचं अक्षर ओळखू आलं. एक जाड ठिपका, त्याखाली ‘तुमी हितं’. तिथून निघालेली दुहेरी रेघ, ‘मोडका पंप, उजवीकडं’, आणि टोकाला अधिकचं चिन्ह. दवाखाना.

“आप्पासो, उजवीकडं! मोडका पंप बघा!”

पंप होता. पुढच्या फाट्यावर पुन्हा हौद होता, आणि त्याच्यावर तोच नकाशा. फक्त ‘तुमी हितं’चा ठिपका पुढं सरकला होता. कुणीतरी आमचं बोट धरून चालत असल्यासारखा.

डॉक्टर म्हणाले, “वेळेत आणलंत.” सईनं डोळे उघडून पाणी मागितलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी.

त्याच दुपारी मानसिंगदादा दवाखान्यात आले. मी विचारलं, “किती हौदांवर काढलाय?”

“सत्तावीस.”

“कधी?”

“टँकर रिकामा व्हायला अर्धा तास लागतो. तवर काय, निस्त्या बिड्या वढू?” मग म्हणाले, “पलटणीत नकाशा पुढच्या गाडीत हुता. गाडी नाल्यात गेली, नकाशाबी गेला. बर्फात दोन दिस हिंडलो आमी. सा जण निघालो, चार पोचलो.”

सत्तावीस हौद, आणि प्रत्येकावर ठिपका वेगळ्या जागी. मी भूगोलाची पदवीधर मनातल्या मनात ते ठिपके मोजत राहिले. त्यांना चहा विचारायचंही मला सुचलं नाही.

आमची बदली झाली, दादा मेढ्याच्या वर आपल्या गावी गेले. घरी आता एकटेच असतात. गेल्या दिवाळीत त्यांचं पत्र आलं: ‘सईला घेऊन या.’ सोबत नकाशा होता. मेढ्याचा एस.टी. स्टँड, शाळा, ओढा, वरचं देऊळ, सगळं रेखीव. पण देवळापाशी रेघ थांबली होती. घर काढलेलंच नव्हतं. आणि त्या हिरव्या डोंगरात, मधोमध, बयाबाईच्या वस्तीच्या वाटेवरचा तो जतचा हौद काढला होता. त्याखाली ‘मोडका पंप, उजवीकडं’.

मी दोन पत्रं टाकली. उत्तर नाही. धाकटा महिन्याचा आहे, मला उन्हाळ्याआधी निघता येत नाही.

तुमच्यापैकी कुणी मेढ्याकडं जाणार असाल, तर देवळापर्यंत चढून याल? उंच, खाकी स्वेटर घातलेला म्हातारा दिसेल. त्यांना चहा विचारा. मग त्यांच्यासोबत त्यांच्या घरापर्यंत चालत जा, आणि वाट कोण दाखवतंय ते बघा. जाताना खिशात लाल खडू असू द्या, देवळापासून पुढची रेघ राहिलीय.