उंबराची मेढ

आमच्या अंगणातलं उंबर कोणी लावलं नाही. ते राहून गेलं.

त्र्याहत्तर साली माझं लग्न झालं तेव्हा सासरच्या मांडवात उंबराची फांदी गाडली होती. तिले मेढ म्हणतात. लग्न आटोपलं का मेढ उपटून तलावात सोडायची, तेव्हा मांडव उतरला असं होते. आमच्या ह्यांनी आपल्या काकाले ती उपटायले सांगितलं, काका आंधळगावच्या बाजाराले निघून गेले. पंधरा दिवसांनी पाहतो तं फांदीले कोंब. मग कोण हात लावते उंबराले?

आमच्या गावची जमीन बरड, गोटे अन् मुरूम. तिथं कडुनिंबही विचार करून वाढते. उंबर मात्र नऊ वर्षांत छपराच्या कवेलूच्या वर गेलं, बुडापासून फळांनी लगडलं. माझ्या पोटी काही नाही. सासू, तुळसाबाई, येता-जाता म्हणे, "पाह्य, झाडालेही लागते."

"त्याले कोणी टोमणे मारत नाही, म्हणून लागते," मी म्हणे.

ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात तिनं ह्यांच्यासाठी कारध्याकडची पोरगी पाहिली. मले सांगितलं जेवणं चालू असताना. मले कोणी घराबाहेर काढणार नव्हतं. राहायचं इथंच, फक्त दुसरीच्या मागं. हे खाली मान घालून जेवत होते. भात मागितला त्यांनी, बस. मी वाढला.

तारीख ठरली. मांडवाले उंबर पाहिजे, अन् दोन कोसांत उंबर एकच, आमच्या अंगणात. त्याची फांदी अशी तोडता येत नाही. आदल्या दिवशी घरच्या सवाशिणीनं हळदकुंकू लावून झाडाले आवतन द्यायचं, मग जावयानं तोडायची. सासू विधवा. घरात सवाशीण मी एकटी.

सासूनं शेजारच्या निर्मलाबाईले विचारून पाहिलं. ती म्हणाली, "घरची सवाशीण असताना मी कायले येऊ? हे पाप मले नको बाई."

मग हळदकुंकवाचं ताट माझ्या हातात आलं. "दे आवतन, बेबी," सासू म्हणाली. "आपल्याच घरचं काम आहे."

मी गेली. लग्नाचे सारे रीतीरिवाज ज्यांना ठाऊक ते म्हातारे दादाजी खाटेवर बसले होते. भावकीतला जावई लक्ष्मणराव कुऱ्हाड खांद्यावर घेऊन तयार. मी बुडाले हळदकुंकू लावलं. आवतन तोंडानं, मोठ्यानं द्यावं लागते. दिलं.

"उंबरदेवा, उद्या ह्यांच्या लग्नाले चाल. माझ्या लग्नाले आला तो तू अजून वापस गेला नाहीस. या मांडवातून उठून त्या मांडवात कसा येशीन, ते तूच पाह्य."

दादाजींचा तंबाखू मळता हात थांबला. "मेढ उपटली नव्हती?"

"राहून गेली," सासू म्हणाली.

"म्हणजे पहिला मांडव उतरलाच नाही."

"नऊ वर्षं झाले, दादाजी."

"वर्षाले काय विचारते? मेढ उभी आहे, मांडव चालू आहे. एका घरात एक मांडव चालू असताना दुसरा नाही घालता येत."

"मग आता उपटा."

सगळ्यांनी झाडाकडे पाहिलं. बूड एका माणसाच्या कवेत मावत नव्हतं. उंबर म्हणजे दत्ताचं घर, ते मुळातून काढायचं कोणी? लक्ष्मणरावानं कुऱ्हाड भिंतीले टेकवली अन् म्हणाला, "माझी तुमसरची बस आहे."

पोरगीवाले आठ दिवस थांबले, मग दुसरीकडे देली त्यांनी. बरं झालं तिचं.

ह्या सगळ्यात आमच्या ह्यांनी एक शब्द काढला नव्हता. पोरगीवाल्यांचा निरोप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे विहिरीवरून दोन गुंड, म्हणजे दोन घागरी, पाणी आणलं अन् उंबराच्या बुडाशी ओतलं. नऊ वर्षांत त्या झाडाले कोणी थेंब घातला नव्हता. माझं डोकं फिरलं.

"देवानं तोंड कायले देलं तुम्हाले?" मी म्हटलं. "मायले नाही म्हणता येत नव्हतं?"

त्यांनी एका हातानं बुडाची ओली माती सारखी केली. "मी वाट पाहून राहिलो होतो," म्हणाले, "तू नाही म्हणशीन म्हणून."

महिनाभर मीही तीच वाट पाहून राहिली होती, ते नाही म्हणतीन म्हणून. राग आला, रडूही आलं. त्यांच्या हातातला रिकामा गुंड मी ओढून घेतला.

"मग आता म्हणते," मी म्हटलं. "नाही."

ते म्हणाले, "बरं."