मामींचा आकडा

रुचिराला तोच प्रश्न विचारून विचारून वीट आला होता. दूर तमिळ मुलखात, अड्यारच्या एका रुग्णालयात गुडघा बदललेल्या प्रत्येक माणसापाशी जायचं आणि शून्य ते दहामध्ये किती दुखतंय ते विचारायचं, हे तिचं संशोधन. मांडीत द्यायच्या एका नव्या इंजेक्शनानं वेदनेच्या गोळ्या कमी लागतात, असं तिचे वरिष्ठ डॉक्टर कृष्णस्वामी यांना सिद्ध करायचं होतं. नाव डॉक्टरांचं होणार, पायपीट रुचिराची.

सांगलीला आईपाशी ठेवलेली तिची लेक आता चार वर्षांची झाली होती. अभ्यास यशस्वी झाला तर पुण्याच्या शाखेत बदली, असा शब्द डॉक्टरांनी दिला होता. हल्ली लेक फोनवर यायलाच नाही म्हणायची. त्यानं रुचिरा आतून पार थकून गेली होती.

अशात विशालाक्षी मामी दाखल झाल्या. नुंगंबाक्कमच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका, मूळ तंजावरच्या मराठी घरातल्या. रुचिरा सांगलीची आहे हे कळल्यावर त्यांनी तिचा हात धरला तो सोडेचनात.

"जेवलीस का, कन्ना?" त्यांनी लेकराला म्हणावं तशा लाडानं विचारलं.

एवढंच पुरे झालं. लेक, बदली, सगळं रुचिरा त्या खाटेशी बसून बोलून गेली. रुग्णापाशी असलं बोलायचं नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण महिनोन्‌महिने कुणी आपल्या भाषेत जेवण विचारलं नसलं, की माणसाचा तोंडावर ताबा राहत नाही.

शस्त्रक्रियेनंतर रुचिरा विचारायची आणि मामी हसून सांगायच्या, "दोन." दोन म्हणणाऱ्या बाईला जादा गोळी कोण देणार? पुढे बाकीच्यांचे आकडेही खाली आले. डॉक्टर खूश झाले. रुचिरानं मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं.

मग एका सकाळी मामींच्या सुनेनं, जननीनं, तिला व्यायामाच्या खोलीबाहेर अडवलं. जननीला तमिळ बोलणं सोपं, तरी ती अडखळत मराठीतच बोलली; सासूला तेवढं तमिळमधलं अत्तै म्हणाली. "अत्तै न्हाणीत नळ सोडून रडतात. तुम्हांस सांगूं नको म्हणाल्या."

रुचिरा आत गेली. गुडघा बदललेले बाकीचे रुग्णही तिथं व्यायामाला जमले होते. मामी चालायच्या आधाराची दांडी धरून उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"मामी, खरं सांगा. किती?"

"दोनच."

"मामी."

मामींनी तोंड फिरवलं. "तुजं लेकरूं तिकडे, तूं इकडे. मी आठ म्हटलें तर तुजं काम बिघडेल नव्हे? ह्या सगळ्यांसही मीच सांगितलें, आपली पोर आहे, थोडं कमी सांगा म्हणून."

खोलीतल्या बाकीच्यांना मराठी कळत नव्हती, पण काय चाललंय ते कळलं. त्यांनी माना खाली घातल्या.

रुचिराला राग आला, तो स्वतःच्या तोंडाचा. आणि खरं सांगायचं तर, गप्प बसावं असंही तिला वाटलं. जननीला समजावता आलं असतं. पुणं एवढं जवळ आलं होतं. पण मामींचा पाय थरथरत होता, आणि तो थरथरताना बघून गप्प बसणं तिला जमेना.

"माझं राहू दे," ती म्हणाली. "किती दुखतंय?"

"नऊ," मामी म्हणाल्या, आणि हुंदके देऊन रडू लागल्या.

खिडकीपाशी बसलेले एक रुग्ण, चंद्रमौळी, हळूच सात म्हणाले. मग कुणी आठ, कुणी सहा. सगळी खोली एकेक करून खरं बोलली, आणि रुचिराच्या डोळ्यांदेखत अभ्यास मातीत गेला.

तिनं सगळ्यांना गोळ्या द्यायला लावल्या. मग डॉक्टरांकडे जाऊन चूक आपली असल्याचं सांगून आली. डॉक्टर ओरडले नाहीत. आकडे बाद, आणि बदलीचं आता विसर, एवढंच म्हणाले.

दुपारी ती मामींपाशी गेली तेव्हा त्यांचं दुखणं उतरलं होतं.

"मजमुळें गेलं ना तुजं पुणें?" मामींनी विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं.

"हो," रुचिरा म्हणाली, आणि मामींच्या उशाशी डोकं टेकून रडली.