कलावतीबाईंची वाटी आणि मी

मी एक जुना हिंदी-मराठी शब्दकोश आहे. मित्रांनो, पुण्याच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. बारीक टाइप, जाड पुठ्ठा आणि पाठीला निळे कापड असे माझे रूप होते. गुहागरच्या शाळेत रमाला मी बक्षीस मिळालो. पुढे तिच्या नवऱ्याची, दिलीपची, बँकेतून जयपूरला बदली झाली, तेव्हा तिने मला साड्यांच्या घड्यांत जपून आणले.

आदर्श नगरातले पहिले दिवस माझे होते. भाजीवाला काही बोलला की रमा आत धावे आणि माझी पाने उलटे. "अहो, हा नसता तर मी इथे मुकीच राहिले असते," असे ती दिलीपला सांगे. माझा पुठ्ठा अभिमानाने ताठ होई.

मग शेजारच्या कलावतीबाई आल्या. हातात केर-सांगरी या राजस्थानी भाजीची वाटी होती. "रमाजी, चखो तो सही!" ती वाटी दोन्ही घरांत ये-जा करू लागली आणि तिच्याबरोबर शब्दही. मला मात्र कपाटात धूळ चढू लागली. मित्रांनो, माझा जीव जळे. माझ्यात हजारो शब्द क्रमाने लावलेले, आणि रमा भाषा शिकत होती ती भाजी निवडता निवडता! ती वाटी एकदा तरी पडून चेपावी, असे मला वाटे.

होळीला रमाने पुरणपोळ्या केल्या आणि कलावतीबाईंना जेवायला बोलावले.

"और चाहिए क्या?" रमाने विचारले.

"बस रमाजी, पेट भर ग्यो."

'बस' म्हणजे 'पुरे', हे रमाला मीच शिकवले होते. शिवाय कुणाला पानात टाकायला लावू नये, हे तिच्या माहेरचे वळण. तिने डबा झाकला. कलावतीबाई एका पोळीवर उठल्या.

त्यानंतर वाटी आली नाही. मी खूश झालो. आता रमा माझ्याकडेच येणार! पण ती आली नाही. बोलायलाच कोणी उरले नव्हते, तर ती शब्द कशाला शोधील? संध्याकाळी ती नुसती खिडकीशी उभी राहायची.

शेवटी तिची लेक अनुया म्हणाली, "आई, आंटी भुकेली गेली ना! मतलब, त्यांच्याकडे आधी नाहीच म्हणतात. मग मनुहार करायची असते."

रमाने मला घाईने उघडले. मनुहार : विनवणी, मनधरणी. माझ्यापाशी इतकेच होते.

"विनवणी? जेवताना?"

"अगं, हाताने भरवतात! मी नको म्हटलं तरी आंटी माझ्या तोंडात लाडू घालते."

रमाने मला तसेच उघडे टाकले. ताज्या पोळ्या केल्या आणि ती शेजारी गेली. खिडकीतून आवाज आले.

"नहीं रमाजी, बस, बस!"

"बस-वस कुछ नहीं! मुँह खोलो!"

मग दोघी मोठ्याने हसल्या. माझ्या पानांवर वाकून रमा इतकी कधीच हसली नव्हती. ते हसू मला टोचले.

ती परतली आणि तडक माझ्याकडे आली. कलावतीबाईंनी सांगितलेला एक नवा शब्द तिला शोधायचा होता. तिच्या बोटाचे तूप माझ्या पानाला लागले. तो डाग अजून आहे.

कलावतीबाईंचा मला आजही हेवा वाटतो. तरीही सांगतो, मित्रांनो, मला उराशी धरून घरात बसू नका. आधी शेजारी जा, तिथे जेवा, चुका. मग मला उघडा. फक्त हात तेवढे धुऊन या.