येताना एक उंट

माझ्या धाकट्या भावाला आम्ही भिंगरी म्हणायचो. लहानपणी अंगणात स्वतःभोवती गरागरा फिरायचा आणि धपकन पडायचा. पुढे सैन्यात हेलिकॉप्टर उडवायला लागला तेव्हा घरात कुणालाच नवल वाटलं नाही. वीस वर्षं उडवलं, पदकं मिळवली, पण सुट्टीला घरी आला की माझ्या डोक्याला ताप.

त्याची खोड अशी की काहीही सांगा, तो ते जसंच्या तसं परत म्हणायचा. कांदे आण म्हटलं की, "कांदे, एक किलो, कोपऱ्यावरच्या दुकानातून." मी म्हणायचे, अरे, मी काय बहिरी आहे का? मग तो समजावत बसायचा. हवेत असताना खालचा माणूस सांगतो, वरचा ते परत म्हणतो, आणि मग खालच्याने कान देऊन ऐकायचं आणि बरोबर की चूक ते सांगायचं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, ताई, असं बजावायचा. घराला लागूनच माझं दुकान, तिथे मी पडदे शिवते. दिवसभर मशीनची घरघर. मान वर न करता मी आपली "हो हो" म्हणायचे.

म्हणून त्याने उंट काढला. यादी परत म्हणताना शेवटी हळूच घुसडायचा, "कांदे एक किलो, पांढरा दोरा दोन रिळं, येताना एक उंट." मी म्हणायचे, हो हो. तासाभराने पिशवी ठेवून तोंड पाडून सांगायचा की बाकी सगळं मिळालं, उंट तेवढे संपले होते, उद्या येणारेत म्हणे. भावजय आणि तिची लेक पोट धरधरून हसायच्या. मी कात्री उगारायचे. इतक्या वेळा फसले, पण उंट एकदाही पकडला नाही.

सैन्यातून निवृत्त झाल्यावर तो डोंगरावर विजेचे खांब पोचवायच्या कामाला लागला. हेलिकॉप्टरखाली दोराला खांब बांधायचा, वर न्यायचा आणि खड्ड्यात अलगद उभा करायचा. मला हायसं वाटलं. म्हटलं, आता गोळ्या नाहीत, बाँब नाहीत, दोन वेळा घरी जेवेल. काय माझी अक्कल!

त्या दिवशी डोंगरावरच्या मुकादमाने त्याला कळवलं की जुन्या तारा उतरवल्यात, या. भिंगरीने नेहमीसारखं परत म्हटलं, "जुन्या तारा उतरवल्या, दोन्ही. मी डावीकडून येतो. बरोबर?" मुकादम एका गड्याला काहीतरी सांगत होता. वर न बघताच तो म्हणाला, हो हो. एकच तार उतरली होती. दुसरीत हेलिकॉप्टर अडकलं.

हे सगळं मुकादमाने स्वतः येऊन सांगितलं. चौकशीत सांगून झालं होतं, तरी माझ्या दुकानात उभा राहून पुन्हा सांगितलं आणि ढसाढसा रडला. त्याच्या कानाखाली वाजवावी असं फार वाटलं. पण हात उठेना. ते "हो हो" मला माझ्याच आवाजात ऐकू येत होतं. शेवटी त्याला पाणी दिलं.

भिंगरी गेला त्याला चार वर्षं झाली. यंदा भाची विमान शिकायचा फॉर्म घेऊन आली. भावजय आठ दिवस तिच्याशी बोलली नाही, मग म्हणाली, आत्या म्हणेल तसं. झालं, धोंड माझ्या गळ्यात! नाही म्हटलं तर पोरगी माझा शब्द मोडणार नाही, आणि जन्मभर झुरत बसेल. हो म्हटलं आणि काही झालं, तर मी त्या माउलीला तोंड कसं दाखवू? मी टाळाटाळ करत राहिले. आज गिऱ्हाईक आहे, उद्या माप घ्यायचंय.

एके दिवशी दुपारी ती मशीनसमोर येऊन उभी राहिली. "आत्या, तू नको म्हणालीस तर नाही जाणार. पण आधी ऐकून घे, मग नको म्हण."

मी मशीन बंद केलं. ती तासभर बोलली. बोलताना बापासारखेच हात करत होती, माझी टेप घेऊन वारा कुठून येतो ते दाखवत होती. दोन गिऱ्हाइकं परत गेली. त्या तासात मला माझा भाऊ इतका आठवला, इतका आवडला, की मी नाही म्हणूच शकले नाही.

पहिल्यांदा उडायची होती त्या सकाळी ती दुकानाच्या दारात आली. मी मशीन थांबवलं आणि सांगितलं, उतरलीस की आधी मला फोन कर, पाण्याची बाटली घे, सहाच्या आत घरी ये.

"उतरले की आधी तुला फोन. बाटली घेतली. सहाच्या आत घरी, येताना एक उंट."

"उंट नको," मी म्हणाले. "बाकी बरोबर."

"उंट नको," तिने परत म्हटलं आणि तिथेच थांबली. मी "बरोबर" म्हटल्यावरच ती दारातून हलली.