बिननावाचा ब्रश

साधनानं दोन्ही ब्रश पाण्याच्या ग्लासात बुडवले, मनगटाला एक झटका दिला आणि टोकं दुकानाच्या दाराकडे, उजेडात धरून पाहिली. दुकानातल्या नव्या सिंथेटिकचं टोक झटक्यासरशी सुईसारखं सरळ झालं. घरून आणलेल्या जुन्या केसाच्या ब्रशचं टोक मात्र दुभंगलं, कारण मधले केस केव्हाच गळून गेले होते. तरी तिनं जुनाच पुन्हा पाण्यात बुडवला. थकलेल्या बैलालासुद्धा माणूस नांगराचं एक तास जास्तीचं काढायला लावतो.

"सिंथेटिक घेऊन जा, मॅडम," गोवर्धनभाऊ गल्ल्यामागून म्हणाले. "आता सगळे तेच वापरून रायले. झिजत नाही, कीड लागत नाही."

"झिजत नाही, पण पाणी कुठी धरते? टेकवलं की भसकन सोडून देते. पहिलेसारखा केसाचा नाही का एखादा?"

"तो बंद झाला."

कशानं बंद झाला, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. अमरावतीच्या त्या गल्लीत ती कॉलेजात असल्यापासून ब्रश घ्यायला येत होती. 'नॅचरल' म्हणून मागायचा आणि नॅचरल म्हणून घ्यायचा. केस कोणाचा, हे कधी तिच्या मनातही आलं नव्हतं. चहा पिताना म्हशीचं नाव कोण विचारतं?

पण या खेपेला तिची खरोखर अडचण होती. शाळेत इतकी वर्षं मुलांकडून फुलदाण्या आणि झोपड्या काढून घेतल्यावर तिला पहिल्यांदा स्वतःच्या हाताचं काम मिळालं होतं. अकोल्याची एक संस्था शेतकऱ्यांसाठी शिवारातल्या उपयोगी जिवांचं पुस्तक काढत होती आणि त्यातली सगळी चित्रं साधनाची होती. घुबड झालं होतं, बेडूक झाला होता, गांडूळसुद्धा झालं होतं. एकटं मुंगूस अडलं होतं. ते नीट उतरलं, तर मेळघाटातल्या पाखरांचं मोठं पुस्तकही तिलाच द्यायचं, असं संस्थेतल्या बाईंनी फोनवर सांगितलं होतं. ते पुस्तक साधनाला हवं होतं. इतकं हवं होतं, की चित्र फसल्याचं स्वप्न पडून ती दचकून उठत असे.

सिंथेटिक ब्रशनं मुंगसाची लव निघतच नाही, असं तिनं गोवर्धनभाऊंना समजावून सांगितलं. रेघ निघते, पण अंग काट्यांचं दिसतं. मग नमुना म्हणून तिनं मोबाइलमधला दिवाळीतला फोटो काढून त्यांच्या हातात दिला. कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, पऱ्हाटीच्या ढिगावर उभं असलेलं मुंगूस, मान वळवून थेट कॅमेऱ्याकडे पाहणारं.

गोवर्धनभाऊंनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. कोणीही आधी तोंड पाहील. त्यांनी पाठ पाहिली, मग शेपटी, आणि बराच वेळ शेपटीच पाहत राहिले.

"कुठचं हो हे?"

"आमच्या वावरातलं."

एवढं बोलून थांबली असती, तर ती वऱ्हाडातली कसली? माहेरचा विषय निघाला की तिच्या जिभेला हाड राहत नसे. मूर्तिजापूरच्या पुढे कुठल्या फाट्यावर उतरायचं, कुठल्या बांधाच्या धुऱ्यानं गेलं की वावरातलं घर लागतं, हे सगळं तिनं सांगितलं. घरामागच्या पऱ्हाटीच्या ढिगाखाली मुंगसांचा गोतावळाच आहे, बाबा त्यांच्यासाठी मातीच्या परळात पाणी ठेवतात, कोणी त्यांना खडासुद्धा मारत नाही. भावाची पोर आचल मुंगसाला रामाची आण घालून तोंड दाखवायला सांगते आणि ते खरंच वळून बघतं. फोटोही तसाच निघाला होता. मधल्या खोलीत होळीपर्यंत कापूस भरलेला असतो आणि पोरगी त्यात दिवसभर लोळते, पण कोणाला घोर नाही. मुंगसं आहेत तोवर लांबडं घरात पाऊल टाकत नाही, असं बाबा म्हणतात. यावर दुकानात बसलेलं एक गिऱ्हाईक हसलं, कारण सापाला पाऊल कुठून असणार.

"हरभरा भरला आता," निघताना ती म्हणाली. "या ना एखाद्या दिवशी भाजलेला हुळा खायाले. बाबाले फक्त मायं नाव सांगा."

"सांगतो," गोवर्धनभाऊ म्हणाले, आणि मोबाइल परत देण्याआधी त्यांनी फोटो आणखी एकदा पाहिला.

आमच्याकडे असं 'या' कोणालाही म्हणतात. बसमध्ये शेजारी बसलेल्याला म्हणतात, मीटर पाहायला आलेल्याला म्हणतात. म्हणणाऱ्याच्या मनात खोट नसते आणि ऐकणारा बहुतेक वेळा येत नाही.

साधना सिंथेटिक घेऊन घरी आली आणि रोज शाळा सुटल्यावर मुंगूस काढत राहिली. एक चित्र पुरतं बिघडलं, दुसरं निम्म्यात सोडलं. नवरा कौतुकानं म्हणाला, की साळिंदर झकास जमलं आहे. त्या रात्री ती त्याच्याशी बोलली नाही.

फेब्रुवारी संपता संपता गोवर्धनभाऊंचा फोन आला. तिच्यासाठी एक ब्रश मिळवला होता. त्यांनी तो वरच्या फळीवरून नाही, तर पायाजवळच्या खोक्यातून काढला. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला होता. दांड्यावर कंपनीचं नाव नव्हतं आणि नंबरही नव्हता. साधनानं तो पाण्यात भिजवला आणि सवयीप्रमाणे ओठांत धरून टोक काढलं. मऊ होता, पण लेचापेचा नव्हता. तिनं टाकाऊ कागदावर एक रेघ ओढली. रेघ केसासारखी निघाली, थांबली, दाबल्यावर रुंद झाली आणि सोडल्यावर पुन्हा केस झाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"केस कशाचा, भाऊ?"

गोवर्धनभाऊ दुसऱ्या गिऱ्हाइकाचे रंग बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"नॅचरल," ते म्हणाले. "घरचाच समजा, मॅडम."

त्या ब्रशनं मुंगूस तीन संध्याकाळींत अंग धरून उभं राहिलं. लव नुसती दिसत नव्हती, वारा आला तर हलेल असं वाटत होतं. शेवटी उरली शेपटी. शेपटीचा केस लांब असतो आणि तो एकरंगी नसतो. मुळाशी काळपट, मग पिवळसर पांढरा, पुन्हा काळपट आणि टोकाला फिका, असे त्यावर पट्टे असतात. साधनानं फोटो मोठा करून ते पट्टे नीट समजून घेतले आणि एकेक केस ओढायला लागली. काळपट, पांढरा, काळपट. पुढचा केस. तिनं ब्रश धुतला, उजेडात धरला आणि टोक काढण्यासाठी ओठांशी नेला.

तिचा हात तिथंच थांबला. ब्रशचे केस ओले झाल्यानं पट्टे उठून दिसत होते. मुळाशी काळपट, मग पिवळसर पांढरा, पुन्हा काळपट. तिनं ब्रश चित्रातल्या शेपटीशेजारी ठेवला. मग फोटोशेजारी ठेवला.

ती उठली आणि बेसिनशी जाऊन चूळ भरली. मग पुन्हा येऊन बसली. जगात मुंगसं काय आपल्याच वावरात असतात, असं तिनं स्वतःला सांगितलं. कुठलं तरी असेल, कधीचं तरी असेल. मेलेल्याचे केस गोळा करत असतील. घरी फोन लावावा म्हणून तिनं मोबाइल उचलला आणि बाबा झोपले असतील म्हणून खाली ठेवला. तेव्हा दिवेलागणही झाली नव्हती.

सिंथेटिक ब्रश तिथंच बरणीत उभा होता. तिनं तो घेऊन शेपटीचा एक केस ओढून पाहिला. तो काटा निघाला. तिनं काटा ओल्या बोळ्यानं उचलला, बिननावाचा ब्रश घेतला आणि शेपटी पूर्ण केली. सगळ्या चित्रात शेपटीच सर्वांत सुरेख झाली.

रविवारी ती चित्रं घेऊन निघाली. त्या दिवशी माहेरी राहायचं आणि सोमवारी अकोल्याला चित्रं पोचवायची, असं तिनं ठरवलं होतं. फाट्यावर उतरून धुऱ्यानं चालताना ऊन चांगलंच चटकत होतं. आचल पळत आली आणि आत्याच्या पिशवीला लोंबकळली. साधनानं तिला सिंथेटिकनं बिघडलेलं मुंगसाचं चित्र दिलं. पोरीला ते इतकं आवडलं, की धन्यवाद वगैरे न देता ती चित्र घेऊन आत पसार झाली.

साधना घराला वळसा घालून मागे गेली. पऱ्हाटीचा ढीग विस्कटलेला होता. एका अंगानं काड्या ओढून बाजूला टाकल्या होत्या आणि खालची माती उकरलेली होती. परळात मात्र स्वच्छ पाणी होतं, काठोकाठ.

तिचे बाबा, पुंजाराम, ओसरीच्या बाजेवर बसले होते. लेकीला पाहून त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी सुनेला, कौशल्याला, चहा ठेवायला सांगितलं आणि साधनाला शेजारी बसवून घेतलं.

"तुयी माणसं मोठी चांगली होती," ते म्हणाले.

"कोणती माणसं, बाबा?"

"कोणती म्हंजे? तूच तं धाडली. फटफटीवर आली. तुयं नाव सांगतलं. चित्रासाठी मुंगसं पायजे म्हणे, काढून झालं की आणून सोडतो म्हणे. जाळं संगं होतं त्यायच्या. मी म्हणलं, साधनाचं काम हाये तं घेऊन जा. बीळ मीच दाखवलं."

त्या माणसांना जेवू घातल्याचंही त्यांनी सांगितलं. झुणका-भाकर, वर हुळा. जाताना त्यातला एक जण पाया पडला म्हणे. हल्लीच्या दिवसात शहरातली माणसं कुठे पाया पडतात?

साधनानं हातातली पिशवी मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली. पिशवीत चित्रांच्या शेजारी ब्रश होता. आपण त्या माणसांना धाडलं नाही, हे सांगायला तिनं तोंड उघडलं. पण ते खरं होतं का, हे तिचं तिलाच कळेना.

"मंग कवा सोडतेत?" पुंजारामांनी विचारलं. "चित्र झालं ना तुयं? पोट्टी रोज परळात पाणी भरते. आज येतीन का उद्या येतीन, डोकं खाऊन रायली मायं."

कौशल्या चहा घेऊन आली. मुंगसं लवकर आणून सोडा म्हणावं, असं तीही म्हणाली. मुंगसं गेल्यापासून कापसाच्या खोलीत उंदरांनी उच्छाद मांडला होता. रात्रभर खुडखुड, पळापळ, डोळ्याला डोळा लागू देत नव्हते.

"पण परवापासून सुम हायेत," ती कप पुढे करत म्हणाली. "एक बी आवाज नाही. गेले वाटते कुठी. बरं झालं."

साधनानं कप घेतला नाही.

"आचल कुठं हाये, वहिनी?"

"कुठी राहीन? कापसात."

साधना उठली. पिशवी मांडीवरून खाली पडली, ती तिनं उचलली नाही. ती ओसरीतून मधल्या खोलीच्या दाराकडे गेली. दारात पोचल्यावर तिला क्षणभर काहीच दिसलं नाही. मग कौलाच्या फटीतून येणाऱ्या कवडशात पांढरा ढीग दिसला, आणि ढिगाच्या वरच्या अंगाला पालथी पडलेली आचल. एका हातात तिनं चित्र धरलं होतं. दुसरा हात कोपरापर्यंत कापसात होता.

"आचल," साधना म्हणाली. "हात बाहीर काढ, बाई. हळू."

"आत्या, ते आलं वापस," आचल कुजबुजली. तिचा चेहरा आनंदानं फुलला होता. "इथंच हाये आत. आता हललं. मी त्याले त्याचं चित्र दाखवून रायली, पण ते तोंडच नाही दाखवत."

"मी काय म्हणलं, हात काढ."

"थांब ना, आत्या. लाजून रायलं ते."

पोरीच्या हातापासून वीतभर अंतरावर कापूस थोडा वर उचलला गेला आणि पुन्हा खाली बसला. आचलनं चित्र बाजूला ठेवलं, कापसाशी तोंड नेलं आणि अगदी हळू, समजुतीच्या आवाजात त्याला पुन्हा एकदा रामाची आण घातली.