सोयऱ्याच्या तुरीला परखी नाही

मित्रांनो, ओळखलंत का मला? नाहीच ओळखणार. मी एक जुनी परखी. पोत्यात खुपसून दाणे बाहेर काढायची टोकदार लोखंडी नळी. आता गंजलेय. हल्ली मोरी तुंबली की तेवढी माझी आठवण होते. तोंडाची फटकळ आहे, आधीच सांगते.

अहमदपूरच्या लोहारानं मला घडवलं आणि उदगीरच्या शिवप्पांनी डाळमिलसाठी घेतलं. काय माणूस होता! तूर घ्यायची तर पुढच्या, मागच्या, मधल्या पोत्यांत मला घालायचे, पार तळापर्यंत. निघालेले दाणे ताटात पसरायचे, दाताखाली फोडायचे, किडके वेगळे, ओले वेगळे. "दाण्याला बोलू द्या, मग आपण बोलू," म्हणायचे. मिलच्या डाळीला बाजारात नाव होतं.

शिवप्पा गेले. लातूर वेगळा जिल्हा झाला आणि त्यांच्या मुलाला, विरूपाक्षला, मोठा व्यापारी व्हायची घाई झाली. त्यातच दुष्काळ पडला. शिवारात तूरच नाही, मिल चालणार कशावर? डाळ निवडणारी कावेरीबाई रोज दारात येऊन विचारायची, "मालक, काम हाय का?"

अशात विरूपाक्षचे सासरे, निलंग्याचे नागप्पा, ट्रकभर तूर घेऊन आले. होतं नव्हतं ते भांडवल यातच घालायचं होतं. हा माल फसला तर मिल संपली. विरूपाक्षच्या आईनं, दानम्मांनी, मला त्याच्या हातात दिलं.

"आधी परखी मार रे. वरचं बघू नको, तळाचं बघ."

"अव्वा, सासऱ्याच्या पोत्यात परखी घालू व्हय? चार माणसात काय इज्जत राहील त्यांची?"

"भीड भिकेची बहीण असती, बाळा."

ऐकेल तर शपथ! सोयऱ्याच्या मालाला परखी लावायची नाही, ही आमच्याकडची रीत. त्यानं एका पोत्याचं तोंड उघडून वरची मूठभर तूर पाहिली, "फस्टक्लास!" म्हणाला, पैसे मोजून दिले आणि चहा मागवला. मी खुंटीला लटकून जळफळत होते.

खालच्या पोत्यांतली तूर भुंग्यानं पोखरलेली, कुबट होती. तीच भरडून हैदराबादला पाठवलेली डाळ तशीच परत आली. तेव्हा कुठं विरूपाक्ष मला घेऊन गोदामात धावला! उरलेल्या पोत्यांत मला भोसकत सुटला आणि माझ्या तोंडून नुसती भुकटी पडत राहिली. दानम्मा दारातून म्हणाल्या, "मेल्यावर नाडी बघून काय उपेग?"

नागप्पा येऊन ढसाढसा रडले. "जावईबापू, मला काय ठाव? माझ्या लेकाच्या सासऱ्याचा माल होता. त्यांच्या पोत्यात मी तरी परखी कशी घालू?"

मिलला कुलूप लागलं त्या दिवशी कावेरीबाई आली होती. "मालक, तुमी सोयऱ्याची इज्जत राखली. आमच्या चुली कुणी राखायच्या?" ती रोजगार हमीवर खडी फोडायला गेली.

मला अजून संताप येतो. मित्रांनो, मला तेलपाणी नको, दसऱ्याला फूलही नको. सौद्याच्या आधी मला विचारा, आणि मी जे दाखवीन ते बघायची छाती ठेवा. माणूस आपला असला तर जरा जास्तच बघा. तपासलं म्हणून रुसलेला सोयरा चार दिवसांनी पुन्हा जेवायला येतो. कावेरीबाई काही मिलमध्ये परत आली नाही.