वाळीत घातलेलं घर

मार्चमधल्या त्या सोमवारी आर्जिया पावाच्या पिठाची पाटी डोक्यावर घेऊन गावच्या भट्टीवर गेली आणि तशीच परत आली.

"जागा नाही," भट्टीवाली म्हणाली. भट्टी अर्धी रिकामी होती, हे दोघींनाही दिसत होतं. आर्जियाने वाद घातला नाही. आठ महिन्यांत ती सवय मोडली होती. घरी येऊन तिने ते पीठ चुलीवरच्या तव्यावर थापलं, आणि पाव व्हायचे त्याच्या चार जाड भाकऱ्या झाल्या.

तिचं घर वाळीत होतं. मागच्या जुलैत, म्हणजे १९२० साली, फेराराकडच्या शेतमजुरांनी संप केला. संप रास्तच होता. वर्षातले सहा महिने हाताला काम नाही आणि उरलेले सहा मालकाच्या मर्जीचे. मजूर संघ उभा राहिला म्हणून माणसं ताठ मानेने चालायला लागली, हे कुणी नाकारू नये. पण संपात गोठ्यातही पाऊल टाकायचं नाही असं ठरलं, आणि आर्जियाचा नवरा ओरेस्ते मालकाच्या गोठ्यावर होता. दोन दिवस त्याने तहानलेल्या बैलांचं हंबरणं ऐकलं. तिसऱ्या दिवशी त्यांना पाणी पाजलं. एवढाच त्याचा गुन्हा. या घराशी कुणी बोलू नये, काही देऊ नये, काही घेऊ नये, असा ठराव झाला. तो वाचून दाखवला संघाच्या चिटणीसाने, प्रिमोने. प्रिमो म्हणजे ओरेस्तेच्या सख्ख्या बहिणीचा, झायराचा नवरा. माणूस सज्जन. वाचताना त्याचा आवाज कापत होता म्हणतात. पण वाचला.

वैऱ्याने मारलं तर माणूस दगड तरी उचलतो. आपल्यांनीच तोंड फिरवलं तर काय उचलायचं? थंडीत चौथ्या महिन्यात आर्जियाचा गर्भ पडला, तेव्हा सुईणसुद्धा आली नाही. ओरेस्ते महायुद्धात तीन वर्षं खंदकात काढून आलेला. तिथे मरणाच्या दारात का होईना, शेजारचा माणूस बोलत असे.

मग फेब्रुवारीत मालकाचा मुलगा आला. त्याने शहरात फासिस्टांची टोळी जमवली होती. काळे सदरे, सोटे, ट्रक, पैसा बापाचा. त्याने ओरेस्तेचा हात हातात घेतला. "तूही आघाडीवर होतास ना? मग आपण सोबती!" त्याचं देशाभिमानाचं भाषण ओरेस्तेला अर्धंही कळलं नाही, आणि मालकाच्या घराण्यावर त्याचं प्रेमही नव्हतं. पण सात महिन्यांनी कुणीतरी त्याच्या हातात हात दिला होता. उद्या विद्वान मोठमोठे ग्रंथ लिहितील: महायुद्ध, महागाई, जमीनदारांना भरलेली धडकी, सरकारची झोप. सगळं खरंच असेल. त्यात एक ओळ या हाताचीही असावी.

दुपारी जेवताना ओरेस्ते मक्याचा पोलेंता नुसता चिवडत होता. "आज बाहेर पडू नकोस."

"का रे?"

"ट्रक येणारेत. प्रिमोला जरा दम द्यायचाय. बस्स."

"सोटे घेऊन दम देतात?"

"मारणार नाहीत. शब्द दिलाय मला."

"मालकाच्या पोराने? त्याच्या बापाचा शब्द तू आयुष्यभर बघितलास ना! अरे, तुझ्या बहिणीचा नवरा आहे तो!"

"आणि मी तिचा भाऊ नव्हतो?" ओरेस्तेचा आवाज चढला. "तू रक्तात पडली होतीस तेव्हा मी तिचंच दार ठोठावलं. तिने आतून कडी घातली."

आर्जियाने शाल घेतली आणि निघाली.

प्रिमो सकाळपासून बांधाच्या कामावर होता. कुठल्या बांधावर, ते झायरालाच ठाऊक. झायरा कालव्यावर पाच बायकांत धुणं धूत होती. आर्जियाला पाहताच गप्पा थांबल्या.

"झायरा, ऐक. दुपारी ट्रक येतायत."

"आज बेडूक फार ओरडतायत बाई!" एकजण म्हणाली. बाकीच्या हसल्या.

"प्रिमो कुठल्या बांधावर आहे तेवढं तरी सांग! नाहीतर तूच जा, आत्ताच्या आत्ता. गाव सोड म्हणावं. मला हव्या तेवढ्या शिव्या दे, पण जा!"

झायराने मान वर केली नाही. ती चादर आपटत राहिली. आर्जियाने पदरचे सगळे शब्द संपवले आणि मग एकेक बांध पालथा घालत सुटली. प्रिमो तिला सापडला नाही.

तो ट्रकवाल्यांना सापडला, तीन वाजता, घरी परतताना, रस्त्यावर. संघाची कचेरी जळत होती आणि शिपायांच्या चौकीच्या खिडक्या बंद होत्या. सोट्यांच्या माराने बुधवारी पहाटे प्रिमो गेला.

आणि लगेच गावात फासिस्टांचा नवा हुकूम फिरला: चिटणीसाच्या अंत्ययात्रेला कुणी जायचं नाही, त्या घराशी कुणी बोलायचं नाही. गावाला शिकवावं लागलं नाही. सराव होताच.

"जाऊ नकोस," ओरेस्ते म्हणाला. दोन दिवसांत त्याच्या पोटात अन्न गेलं नव्हतं. "मी हात लावला नाही गं त्याला."

"ट्रकमध्ये बसला होतास. तेवढं पुरे."

"तू गेलीस तर आपण पुन्हा एकटे पडू."

"पडू," आर्जिया म्हणाली आणि बाहेर पडली.

रस्त्यावर एक गाडी, एक गाडीवान आणि मागे एकटी झायरा होती. दोन्ही बाजूंची दारं लावलेली. आर्जिया जाऊन तिच्या शेजारून चालू लागली. दोघी पुलापर्यंत आल्या.

"वहिनी," झायरा म्हणाली, "मला ऐकू आलं होतं."

आर्जिया थांबली.

"परवा, कालव्यावर. सगळं ऐकलं मी. तो गिरणीमागच्या बांधावर होता, धावत गेले असते तर गाठला असता. पण बाकीच्या बघत होत्या गं. तुझं ऐकून उठले असं झालं असतं. म्हटलं, एवढी चादर होऊ दे."

गाडी पुढे निघाली होती. आर्जियाने तिचा हात धरला आणि दोघी गाडीमागून चालू लागल्या.